साप खाल्लेलं बाहेर टाकतोय किंवा शी करत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

टाकीचं झाकण उघडण्याआधीच वास येतो. सडक्या मांसाचा, आंबूस, दोन दिवस नाकातून न जाणारा. म्हणजे परवा गिळलेला उंदीर बाहेर आलेला असतो आणि साप कोपऱ्यात काहीच न झाल्यासारखा पडलेला असतो. माझ्याकडे हे इतक्या वेळा झालंय, आणि ओळखीच्यांच्या सापांसाठी इतक्या वेळा निस्तरलंय, की आता तपासायचा क्रम ठरून गेला आहे. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर. माझा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा सापात नसून टाकीत असतो किंवा आपल्या हातात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायला नको असेल तर क्रम सोडू नका.

आधी नेमकं काय होतंय ते बघा

- खाल्ल्यावर काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत भक्ष्य जवळपास अख्खं बाहेर आलं. ओलं, लाळेनं माखलेलं, पण आकार शाबूत. हे बहुधा जठरात नीट पोचलेलंच नसतं.
- दोन ते पाच दिवसांनी अर्धवट पचलेला लगदा आला. केस सुटलेले, भयंकर वास. हे जठरातून आलेलं, म्हणून जास्त गंभीर.
- शी बरेच दिवस नाही, आणि शरीराच्या मागच्या भागात, मलद्वाराच्या अलीकडे फुगवटा दिसतो.
- शी होते पण पातळ, हिरवट, शेंबडासारखी, किंवा रक्त असलेली.
- पांढऱ्या मऊ युरेटऐवजी (युरेट म्हणजे सापाची घट्ट लघवी) पिवळे-नारिंगी कडक खडे पडतात.
- पोट रिकामं असतानाही शरीराच्या मधोमध कायमची सूज.

साप नुसता खातच नसेल तर तो वेगळा विषय. नर बॉल पायथन विणीच्या हंगामात महिनोन् महिने उपाशी राहतो आणि ठणठणीत असतो. अंडी खाणारा आफ्रिकी साप अंड्याचं चुरडलेलं कवच बाहेर टाकतो, तोही आजार नाही, ती त्याची जेवायची रीतच. हे मुद्दाम सांगतेय, कारण याच गोष्टीनं घाबरलेला एक माणूस मला भेटला आहे.

पुढच्यापैकी काही दिसलं तर हे सगळं वाचत बसू नका, थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा: शीत किंवा बाहेर टाकलेल्यात रक्त, मलद्वारातून बाहेर आलेला लालसर मांसल भाग, तोंड उघडून श्वास घेणं किंवा नाका-तोंडाशी फुगे, मान मागे वळवून आकाशाकडे बघत राहणं, उलटा केला तर सरळ होता न येणं. मांसल भाग बाहेर आला असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत स्वच्छ ओल्या कापडानं तो ओला ठेवा. स्वतः आत ढकलू नका.

काहीही तपासण्याआधी: खायला देऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान मी याच एका चुकीनं होताना पाहिलंय. सापानं टाकलं, बिचारा उपाशी राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा उंदीर. तोही बाहेर येतो. मग तिसरा. पहिल्या वेळचं कारण साधं असतं, तिसऱ्या वेळेपर्यंत साप खरोखर आजारी झालेला असतो.

याचं कारण सापाच्या पोटाच्या कामात आहे. आपलं जठर सतत थोडंफार आम्ल तयार ठेवतं. अजगरासारखा क्वचित खाणारा साप दोन जेवणांच्या मध्ये हे काम जवळजवळ बंद करून ठेवतो. बर्मी अजगरावरच्या संशोधनात दिसलं आहे की उपाशी असताना जठराचा सामू ७ च्या आसपास असतो आणि भक्ष्य गिळल्यावर साधारण एका दिवसात तो २ च्या जवळ उतरतो. आतडं जाड होतं, यकृत वाढतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर खाल्ल्यानंतर ४८ तासांत हृदयाच्या निलयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे एक उंदीर पचवायला सगळा कारखाना नव्यानं उभा करायचा. तो अर्ध्यावर मोडला, वर आम्लानं अन्ननलिका सोलून निघाली, पाणी आणि क्षार गेले, पोटातले उपयोगी जिवाणू गेले. हे भरून यायला वेळ लागतो, आणि वेळेला पर्याय नाही.

म्हणून किमान १० ते १४ दिवस फक्त ताजं पाणी. पिल्लाला १० दिवस, मोठ्याला १४. दुसऱ्यांदा टाकलं असेल तर तीन आठवडे. निरोगी सापाला एवढ्या उपासानं काही होत नाही.

बाहेर आलेल्या भक्ष्याचा फोटो काढा, शेपटीकडून आलंय की डोक्याकडून ते बघा, तारीख लिहा, मग टाकी साफ करा. हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. सापांच्या पोटात साल्मोनेला असणं नेहमीचं आहे.

कॅलेंडर बघा

खायला कधी दिलं आणि त्यानंतर साप हातात कधी घेतला? पोट भरलेला साप पळू शकत नाही. रानात धोका दिसला तर तो ओझं बाहेर टाकून मोकळा होतो. तुमचा हात त्याला धोका वाटला की तेच होतं. खाल्ल्यावर किमान ४८ तास हात लावायचा नाही, भक्ष्य मोठं असेल तर ७२. पाहुण्यांना साप दाखवायचा मोह याच दोन दिवसांत होतो, हे मी स्वतःवरून सांगते. टाकी साफ करायला उचलणं, वजन करायला उचलणं, फोटोसाठी उचलणं, हे सगळं त्यातच मोजायचं.

साप घरी नवा आला असेल तर पहिला आठवडा काहीच देऊ नका. डोळे निळसर-धुरकट झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ असेल, तर ती पडेपर्यंत थांबलेलं बरं.

तापमान, आणि इथे घाई करू नका

मी सोडवलेल्या केसेसपैकी बहुतेकींचं उत्तर इथे सापडलं. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. पाचक रस बाहेरच्या उबेवर चालतात. ऊब कमी पडली तर पचनाआधी सडणं सुरू होतं, पोटात वायू धरतो आणि शरीर ते बाहेर फेकतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा तो वास सडण्याचाच.

कॉर्न स्नेकला उबदार बाजूला साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअस लागतं, बॉल पायथनला ३१ ते ३३, बोआलाही ३१-३२ च्या आसपास. थंड बाजू कॉर्नसाठी २२ ते २४ आणि बॉल पायथनसाठी २५ ते २७. दोन्ही बाजू हव्यात, कारण नको तेव्हा सापाला उबेपासून दूर जाता आलं पाहिजे. फार उष्णतेनंही साप टाकतो, हे विसरलं जातं.

आकडा कुठे मोजता हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. काचेवर चिकटवायचा गोल काटेवाला थर्मामीटर काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, तेही धड नाही. सापाचं पोट टेकतं त्या जागेचं तापमान हवं. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, नाहीतर तारेचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर. पहाटे एकदा मोजा, दुपारी एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा. रात्री ऊब बंद करणाऱ्यांचं गणित बहुधा पहाटेच्या आकड्यात चुकलेलं सापडतं.

माझा कॉर्न स्नेक लागोपाठ तीन वेळा ओकला होता. थर्मोस्टॅट ३० दाखवत होता, म्हणून तापमानाकडे मी बघितलंच नाही. भक्ष्य बदललं, लपायची जागा बदलली, जंताचा संशय धरला. चौथ्या वेळी सहज बोट खुपसून बघितलं तर मुळाशी छान ऊब आणि वर गार. झालं असं होतं की साफसफाईनंतर मी लाकडी भुशाचा थर दोन बोटांऐवजी चांगला चार बोटं घातला होता. प्रोब हीट मॅटला, म्हणजे टाकीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला चिकटलेला, तो इमानदारीत ३० सांगत होता. साप बसत होता तिथे मोजलं तर २५. भुसा उपसला, तेवढाच इलाज. त्यानंतर त्यानं टाकलेलं नाही.

प्रोबचे इतर खेळही असतात. साप तो ढकलत नेतो. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं गारठा आहे आणि तो मॅट तापवतच राहतो. म्हणून प्रोब चिकटवलेला आहे की नाही हे दर आठवड्याला बोटानं बघायचं. आणि थर्मोस्टॅटशिवाय मॅट वापरत असाल तर बाकीचं सगळं सोडून आधी तो घ्या.

काय दिलं, किती मोठं, किती गरम

भक्ष्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर दीडपट. वजनात बघायचं तर पिल्लांना त्यांच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, मोठ्यांना त्याहून कमी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. "गिळला ना, म्हणजे पचेल" हे खोटं. साप पचवता येईल त्याहून मोठं गिळू शकतो. बोआची पिल्लं याबाबतीत खास नाजूक असतात, त्यांना लहान भक्ष्य आणि लांब अंतर द्यावं. एमराल्ड ट्री बोआ तर वारंवार ओकण्यासाठी पाळणाऱ्यांमध्ये बदनामच आहे. त्याला मोठा उंदीर देण्याचं धाडस करू नका.

गोठवलेला उंदीर बाहेरून मऊ आणि आत बर्फ, हे फार वेळा होतं. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. पोट दाबून बघा, मधे कडक गाठ लागता कामा नये. मायक्रोवेव्ह नको. बाहेरून शिजतो, आतून थंड राहतो आणि कधीकधी फुटतो. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. ओट्यावर सात-आठ तास राहिलेलाही नको, सापाच्या पोटात जाण्याआधीच तो सडू लागलेला असतो.

लपायची जागा, पाणी, दमटपणा

हे पटकन बघून होतं. उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा दोन लपायच्या जागा हव्यात, साप आत शिरल्यावर अंग दोन्ही बाजूंना टेकेल एवढ्या घट्ट. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यातलं एक निवडावं लागतं, आणि तो आडोसा निवडतो. मग पोट गारच राहतं. पाण्याचं भांडं रोज धुवा. अंगावर सुरकुत्या, तुकड्या-तुकड्यानं निघणारी कात आणि कडक पिवळे युरेट म्हणजे पाणी कमी पडतंय. एकाच टाकीत दोन साप असतील तर वेगळे करा. कोणी टाकलं हेच कळत नसेल तर पुढचं काय तपासणार?

शी होत नसेल तर

आधी तुमच्या सापाची नेहमीची चाल माहीत असायला हवी. कॉर्न स्नेक बहुधा काही दिवसांतच मोकळा होतो. बॉल पायथन निवांत प्राणी, दोन-तीन जेवणांनंतर एकदाच शी करणारे पुष्कळ असतात. दिवस मोजत घाबरण्यापेक्षा फुगवटा, सुस्ती आणि खाणं बंद होणं या गोष्टी बघा.

पहिला नियम: आधीचं बाहेर येईपर्यंत वर अजून भरू नका.

मग कोमट पाण्यातली बैठक. झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा, त्यात २८ ते ३० अंशाचं पाणी, सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच. डोकं आपोआप वर राहिलं पाहिजे. २० मिनिटं, आणि त्या २० मिनिटांत तिथून हलायचं नाही. पाणी गार झालं तर बदला. तापमान हातानं नाही, थर्मामीटरनं मोजा. आपल्या हाताला कोमट वाटणारं पाणी सापाला चटका देऊ शकतं. बहुतेक वेळा पाण्यातच काम होतं आणि तुम्हाला डबा धुवावा लागतो. नाही झालं तर एक दिवस सोडून पुन्हा. मधल्या दिवसांत, पोटात ताजं जेवण नसेल तर, सापाला थोडा वेळ हातांवर किंवा जमिनीवर फिरू द्या. झाडावर राहणाऱ्या जातींना चढायला फांदी आणि पाण्याचा फवारा दिला की फरक पडतो.

पोट दाबून पुढे सरकवायचं नाही. तोंडातून तेल घालायचं नाही. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशी असतं. तेल फुप्फुसात गेलं तर बद्धकोष्ठापेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. एनिमा हे पशुवैद्याचं काम. आठवडाभरात दोन-तीन बैठका होऊनही काहीच नाही, किंवा हलक्या बोटाला दगडासारखी गाठ लागते, तर एक्स-रे काढायची वेळ झाली. ती गाठ वाळलेल्या युरेटची असेल, गिळलेल्या भुशाची असेल, मादीमध्ये अडकलेलं अंडं असेल किंवा ट्यूमरही असेल. बाहेरून ओळखता येत नाही, मलाही आणि तुम्हालाही.

भुसा पोटात जाऊ नये म्हणून भक्ष्य ताटलीवर किंवा सपाट दगडावर द्या.

शीची तपासणी

वरचं सगळं जागेवर आहे आणि तरीही साप दुसऱ्यांदा ओकला, किंवा शी सतत पातळ आहे, तर आता पैसे खर्च करायचे. पिल्लाच्या बाबतीत दुसऱ्या वेळेला अजिबात थांबू नका, त्यांच्या अंगात साठा फार थोडा असतो. मोठ्या सापाचं वजन दहाव्या हिश्श्यानं उतरलं तरी तेच.

ताजी शी स्वच्छ डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि शक्य तर त्याच दिवशी द्या. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असं नसतं, कारण जंतांची अंडी रोज पडत नाहीत. दोन-तीन नमुने वेगवेगळ्या वेळचे द्यावे लागतात. आणि तपासणारा सापांची माहिती असलेला हवा. उंदराच्या पोटातल्या जंतांची अंडी सापाच्या शीत तशीच उतरतात. कुत्र्या-मांजरांचीच सवय असलेल्या डोळ्याला तो सापाचाच रोग वाटू शकतो.

अंदाजानं जंताचं औषध देऊ नका. मेट्रोनिडाझोलचा डोस जास्त झाला तर सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला डोस जास्त व्हायला एक थेंब पुरतो. प्रोबायोटिक पावडरी मीही घालून पाहिल्या. फरक पडला तो थांबण्याचा होता की पावडरीचा, हे मला कधी कळलं नाही. आता घालत नाही.

घरी कासवंही असतील तर पशुवैद्याला आठवणीनं सांगा. एंटअमीबा इन्व्हेडन्स हा अमीबा कासवांमध्ये बहुधा काही त्रास न देता राहतो आणि सापांमध्ये रक्ताळ, शेंबडी हगवण लावून जीव घेतो. कासवांची आणि सापांची भांडी, चिमटे वेगळे ठेवायचे ते याचसाठी.

जिथे घरचे उपाय संपतात

पोट रिकामं असताना मधोमध सूज, खाल्ल्यावर दर वेळी ओकणं आणि हळूहळू झडत जाणारं वजन, हे तिन्ही एकत्र असेल तर क्रिप्टोस्पोरिडियमचा संशय धरतात. हा परजीवी जठराची भिंत जाड करतो. खात्रीचा इलाज नाही, आणि साध्या ब्लीचनं तो मरत नाही, म्हणून एका टाकीचा चिमटा दुसरीत गेला की रोगही जातो. निदान पीसीआर चाचणीनं किंवा जठर धुऊन काढलेल्या पाण्याच्या तपासणीनं होतं. निकाल येईपर्यंत तो साप वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यांच्या शेवटी करा.

बोआ आणि अजगरांमध्ये इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार असतो. बोआमध्ये वारंवार ओकणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं, पुढे मान वाकडी होणं, तोल जाणं. अंगावर माइट (रक्त पिणारे बारीक किडे) असलेला, कुठून आला ते ठाऊक नसलेला बोआ ओकत असेल तर मी टाकीचं तापमान एकदा बघते आणि त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करते.

दवाखान्यात जाताना नोंदवही न्या: जेवणाच्या तारखा, भक्ष्याचं वजन, सापाचं वजन, शीच्या तारखा, टाकीची तीन वेळची तापमानं, आणि ते फोटो. निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

पुन्हा खायला कसं सुरू करायचं

विश्रांतीचे दिवस संपले की पहिलं जेवण नेहमीच्या निम्म्याहून लहान. कॉर्नच्या पिल्लाला हॉपर (केस आलेलं उंदराचं पिल्लू) देत असाल तर पिंकी (नुकतं जन्मलेलं, बिनकेसांचं). त्यानंतर आठवडाभर झाकणाला हात नाही, पाणी बदलण्यापुरता सोडून. आत राहिलं तर १० दिवसांनी तेवढंच पुन्हा. तिसरं थोडं मोठं. चौथं नेहमीचं. मधे कुठेही टाकलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि या वेळी पशुवैद्य आधी, जेवण नंतर. साप भुकेनं काचेवर फेऱ्या मारेल, जीभ काढून तुमच्याकडे बघेल, तुमचा जीव खालीवर होईल. चौथं जेवण पचून त्याची शी झाली की नोंदवहीत त्या तारखेसमोर खूण करा, आणि मग साप हातात घ्या.